ईएसओ ३२५-जी००४ : एकाच दीर्घिकेचं दोनदा केलेलं वजन

हस्तनक्षत्र | २ मे, रात्री ११:०५

मे महिना म्हणजे आपल्याकडून दक्षिणेचं आकाश बघण्याचे शेवटचे दिवस. एकदा मृगाचे ढग आले की नरतुरंग (सेंटॉरस) हा तारकासमूह वर्षभरासाठी गेलाच. म्हणून हा धागा आत्ताच काढते आहे.

चित्रा नक्षत्र माहीत असेलच. चित्रेपासून सरळ खाली, दक्षिण क्षितिजाकडे बत्तीस अंश उतरलं की सेंटॉरस ए, म्हणजे एनजीसी ५१२८ ही दीर्घिका येते. आणखी साडेचार अंश खाली ओमेगा सेंटॉरी हा गोल तारकागुच्छ. मात्र आज लिहायचंय ते या दोघांबद्दल नाही. तिथून जवळच, मेंकेंट हा नरतुरंगातला ठळक तारा आणि सेंटॉरस ए यांच्या साधारण मधोमध, एक जागा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. त्या जागी ईएसओ ३२५-जी००४ आहे.

नाव रुक्ष आहे, पण त्यात तिचा पत्ता आहे. ईएसओ म्हणजे युरोपीय दक्षिण वेधशाळा. चिलीतल्या ला सिया इथल्या एक मीटरच्या श्मिट दुर्बिणीने दक्षिण आकाशाचे पट्टे पाडून छायाचित्रं घेतली गेली. त्यातला ३२५ क्रमांकाचा पट्टा, त्यातली चौथी नोंद, आणि 'जी' म्हणजे दीर्घिका. एबेल एस०७४० या दीर्घिकांच्या समूहात ती मधोमध बसलेली आहे. अंतर सुमारे ४५ कोटी प्रकाशवर्षं. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा धरतात. हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा त्या दगडाचा लाव्हा बाहेर यायलाही अडतीस कोटी वर्षं शिल्लक होती.

आकाराने ती लंबवर्तुळाकार. सर्पिल भुजा नाहीत, धुळीचे पट्टे नाहीत, नव्या ताऱ्यांचे निळे-गुलाबी ठिपके नाहीत. मधे तेजस्वी आणि कडेला विरत गेलेला पिवळसर उजेड, बस. खरं सांगते, मी कित्येक वर्षं अशा दीर्घिकांची चित्रं न थांबता पुढे सरकवत आले. वायू जवळजवळ संपलेला, तारे म्हातारे, नवं काही घडत नाही, असंच पुस्तकात वाचलं होतं. ते खरंही आहे.

पण २००५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रसेल स्मिथ आणि त्यांचे सहकारी हबल दुर्बिणीने घेतलेली हिची छायाचित्रं तपासत होते. त्यांना दुसरंच काही मोजायचं होतं. दीर्घिकेचा सपाट, गुळगुळीत उजेड गणिताने वजा केल्यावर मधल्या भागात पुसट निळसर कमानी उरल्या. केंद्राभोवती वर्तुळात बसलेल्या. मागे, फार मागे, अगदी सरळ रेषेत असलेल्या दुसऱ्या दीर्घिकेचा प्रकाश हिच्या गुरुत्वाने वाकून कडं झाला होता. आइन्स्टाइन कडं. त्या वेळी माहीत असलेल्या अशा सगळ्या भिंग-दीर्घिकांमध्ये ही आपल्याला सर्वात जवळची ठरली.

कड्याची त्रिज्या आकाशात २.८५ विकला, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. प्रत्यक्षात ती दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे ६ हजार प्रकाशवर्षं. कडं किती मोठं आहे यावरून त्याच्या आत किती वस्तुमान आहे ते निघतं. उत्तर येतं साधारण १५ हजार कोटी सूर्यांएवढं.

हे झालं एक वजन. दुसरं वजन ताऱ्यांच्या वेगावरून करता येतं. आणि दोन्ही वजनं जुळतात का, हा प्रश्न विचारला की तो थेट आइन्स्टाइनच्या सिद्धांतापर्यंत जातो. २०१८ च्या जूनमध्ये पोर्टस्मथ विद्यापीठाच्या थॉमस कॉलेट यांनी सहकाऱ्यांसह हेच केलं. त्याबद्दल उद्या सविस्तर लिहिते, आज डोळे मिटायला लागलेत.

---

वांगणीची_रात्र | ३ मे, सकाळी ७:२०

सुंदर. जागा सांगण्याची पद्धत फार आवडली. नव्या लोकांसाठी भर घालतो : हात पूर्ण लांब करून मधली तीन बोटं एकत्र धरली की साधारण पाच अंश होतात. मेंकेंटला एका बाजूचं बोट लावा आणि सेंटॉरस एच्या दिशेने तीन बोटं मोजा. तिथून थोडं वर, उत्तरेकडे.

मुंबई-पुण्याहून ती जागा जास्तीत जास्त ३३ अंश वर येते. सेंटॉरस ए २८-२९ अंशांवर आणि ओमेगा सेंटॉरी २४ वर. मेच्या मध्यावर रात्री साडेदहा-अकराला हे सगळं याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला आणि सर्वात उंच असतं. दक्षिणेला शहर नको, डोंगराची कड नको, आणि उन्हाळ्यातलं धुरकट क्षितिज जरा स्वच्छ हवं. वांगणीहून ओमेगा सेंटॉरी द्विनेत्रीतून मस्त दिसतो. सेंटॉरस ए दुर्बिणीत धूसर गोळा म्हणून दिसते आणि नजर बसली की मधला काळा पट्टाही जाणवतो. ईएसओ ३२५ मात्र माझ्या आठ इंची डॉब्सन दुर्बिणीतून मी कधी पाहिलेली नाही. आणि ते कडं तर पृथ्वीवरच्या कुठल्याच हौशी माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही.

---

प्रश्नचिन्ह | ३ मे, सकाळी ९:४८

माझी मुलगी आठवीत आहे. तिला तुमचा लेख वाचून दाखवला. तिचा प्रश्न जसाच्या तसा : "कडं तर त्या दीर्घिकेच्या आतच दिसतंय. मग ते तिचंच नाही, मागच्या कुणाचं तरी आहे, हे कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही.

---

हस्तनक्षत्र | ३ मे, दुपारी १:३०

तिला माझ्याकडून शाबासकी द्या. शास्त्रज्ञांनाही हेच आधी सिद्ध करावं लागतं.

उत्तर वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगांमध्ये फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दुरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते. याला ताम्रसृती म्हणतात. पुढच्या दीर्घिकेचा प्रकाश जेमतेम साडेतीन टक्के ताणलेला आहे. २०१३ मध्ये स्मिथ आणि जॉन ल्यूसी यांनी कड्याच्या प्रकाशाची ताम्रसृती दिली ती २.१४. म्हणजे मूळ तरंगलांबीच्या ३.१४ पट. हायड्रोजनची जी लाल रेषा प्रयोगशाळेत ६५६ नॅनोमीटरला दिसते, ती तिथून येताना २०६० च्या आसपास, अवरक्तात पोचते. एकाच दीर्घिकेतल्या दोन वस्तूंमध्ये एवढा फरक असणं शक्यच नाही. कड्याचा प्रकाश एक हजार कोटी वर्षांहून जास्त काळ प्रवास करतोय. तो निघाला तेव्हा सूर्यही जन्मला नव्हता.

मुलीला हेही सांगा : कडं निळसर आहे कारण मागच्या त्या कोवळ्या दीर्घिकेत तेव्हा धडाधड तारे जन्मत होते. पुढची दीर्घिका पिवळी, कारण तिच्यातले निळे तारे केव्हाच जळून गेले. निळं वेगळं आणि पिवळं वेगळं हे तिच्या डोळ्यांनाही चित्रात पटेल.

---

हस्तनक्षत्र | ३ मे, रात्री १०:१५

आता दुसरं वजन.

सर्पिल दीर्घिकेत तारे एका चकतीत, एकाच दिशेने गरगरतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेत तसं नसतं. दिव्याभोवतीच्या किड्यांसारखे तारे वाटेल त्या दिशेने ये-जा करतात. काही आपल्याकडे येत असतात, काही दूर जात असतात. त्यामुळे त्यांच्या एकत्रित वर्णपटातल्या काळ्या रेषा दोन्ही बाजूंना फाकतात, जाड होतात. रेषा जितकी जाड, तितकी ताऱ्यांची धावपळ जास्त. आणि धावपळ जितकी जास्त, तितकं त्यांना धरून ठेवणारं वस्तुमान मोठं, नाहीतर तारे कधीच उधळून गेले असते. हिच्या मध्यभागी हा वेग सेकंदाला ३०० किलोमीटरच्या वर आहे.

चिलीतच, आटाकामा वाळवंटातल्या पारानाल डोंगरावर ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी आहेत. त्यातल्या चौथीवर, येपून तिचं नाव, म्यूझ हे उपकरण बसवलंय. त्याचं वैशिष्ट्य असं की ते चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा वेगळा वर्णपट देतं. त्यामुळे केंद्रात रेषा किती जाड, थोडं बाहेर किती, आणखी बाहेर किती, असा नकाशाच तयार होतो. कॉलेट यांच्या गटाने हा नकाशा वापरला. दीर्घिका जवळ असल्यामुळेच तो एवढा बारीक मिळाला. दूरच्या भिंग-दीर्घिकांमध्ये सगळा उजेड एकाच ठिपक्यात कालवलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. सापेक्षतावादानुसार वस्तुमान दोन गोष्टी वाकवतं, काळ आणि अवकाश. सेकंदाला ३०० किलोमीटर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा हजारावा भाग. इतक्या सावकाश जाणाऱ्या ताऱ्याला फक्त काळाचं वाकणं जाणवतं, ज्याला आपण न्यूटनचं गुरुत्व म्हणून शाळेत शिकलो. प्रकाशाला मात्र दोन्ही जाणवतात, आणि दोन्ही सारखीच. म्हणूनच सूर्याच्या कडेने जाणारा किरण न्यूटनच्या हिशेबाने ०.८७ विकला वळायला हवा, पण आइन्स्टाइनच्या हिशेबाने बरोबर दुप्पट, १.७५. १९१९ च्या खग्रास ग्रहणात एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल गावी गेली होती ती याच मोजमापासाठी.

अवकाशाचं वाकणं आणि काळाचं वाकणं यांचं गुणोत्तर म्हणजे गॅमा. आइन्स्टाइन म्हणतात ते १. ताऱ्यांचे वेग आपल्याला फक्त काळाचा भाग सांगतात, कडं दोन्हींची बेरीज सांगतं. दोघांची तुलना केली की गॅमा हाती येतो. या दीर्घिकेने दिलेलं उत्तर : ०.९७, अनिश्चितता अधिक-उणे ०.०९.

मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून घरभर फिरले. ज्या दीर्घिकेत "काही घडत नाही" म्हणून मी ती ओलांडून गेले होते, तिच्या त्या शांतपणामुळेच हे जमलं. धूळ नाही, भुजा नाहीत, कुठे ताऱ्यांचा पुंजका नाही. उजेड गुळगुळीत, म्हणून तो वजा करता आला. हीच जर सर्पिल दीर्घिका असती तर त्या निळ्या कमानी तिच्याच भुजा समजून कुणी बघितल्याही नसत्या.

---

गणिताचा_मास्तर | ४ मे, सकाळी ८:०२

लेखन उत्तम, पण एक आक्षेप नोंदवतो. नऊ टक्के अनिश्चितता म्हणजे भौतिकशास्त्राच्या मापाने ढोबळच. कॅसिनी यान शनीकडे जात असताना २००२ मध्ये सूर्याजवळून येणाऱ्या त्याच्या रेडिओ संदेशांवरून हाच गॅमा मोजला गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेला तो निकाल लाखात दोन-तीन भाग इतका अचूक आहे. ते झाल्यावर नऊ टक्क्यांचं एवढं कौतुक का?

दुसरं म्हणजे, ताऱ्यांच्या वेगावरून वस्तुमान काढताना कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण वजन असलेलं द्रव्य) कसं पसरलंय, ताऱ्यांच्या कक्षा लांबट आहेत की गोल, हे सगळं गृहीत धरावं लागतं. गृहीतकांवर उभ्या असलेल्या ताजव्यावर किती विसंबायचं?

---

हस्तनक्षत्र | ४ मे, दुपारी २:४०

मास्तर, दुसऱ्या आक्षेपापासून सुरू करते, कारण तो पूर्ण मान्य आहे. ही गृहीतकं लागतात आणि नऊ टक्क्यांतला मोठा वाटा त्यांचाच आहे. पण इथे एक अनुकूल गोष्ट आहे. दीर्घिका जवळ असल्यामुळे कडं तिच्या अगदी मधल्या भागात पडतं, जिथे बहुतेक वजन ताऱ्यांचंच आहे. कृष्णद्रव्याचा वाटा बाहेर वाढत जातो. दूरच्या भिंगांची कडी केंद्रापासून बरीच लांब पडतात आणि तिथे कृष्णद्रव्याचा अंदाज चुकला की सगळंच चुकतं.

पहिल्याबद्दल : कॅसिनीचा निकाल आपल्या अंगणातला आहे. सूर्यमालेच्या बाहेर गुरुत्व तसंच वागतं हे आपण धरून चालतो. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळलं तेव्हापासून ही गोष्ट गृहीत धरणं अवघड झालं. त्याचं एक स्पष्टीकरण कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरणाला रेटा देणारी अज्ञात ऊर्जा. दुसरं असं, की फार मोठ्या अंतरावर गुरुत्वाचा नियमच वेगळा असेल. या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या पुष्कळ सिद्धांतांत गॅमा सूर्यमालेत १ राहतो आणि मोठ्या अंतरांवर सरकतो. तिथे कॅसिनीचा उपयोग नाही. हजारो प्रकाशवर्षांच्या पल्ल्यावर मोजायला तुम्हाला दीर्घिकाच लागते. एकाच दीर्घिकेवर एवढा नेमका तपास त्याआधी झाला नव्हता.

---

गणिताचा_मास्तर | ४ मे, रात्री ९:११

पटलं. शेताची मोजणी आणि जिल्ह्याची मोजणी यांची अचूकता एकाच फुटपट्टीने बघू नये. तरी एवढं म्हणेन की याने पर्यायी सिद्धांत संपले असं कुणी लिहू नये. या पल्ल्यावर मोठी तफावत नाही, इतकंच सिद्ध झालंय.

---

हस्तनक्षत्र | ४ मे, रात्री ९:३०

अगदी बरोबर. तुमचं शेवटचं वाक्य मी मूळ लेखात घालणार होते, आता गरज नाही.

---

सुमेधा_पॅरामॅटा | ५ मे, पहाटे ४:५०

सिडनीहून लिहितेय. इथे सध्या संध्याकाळी नरतुरंग उंच चढायला लागतो आणि रात्री तो जवळजवळ डोक्यावर असतो. तुम्ही तिकडे क्षितिजावरच्या धुराशी झगडता हे वाचून वाईट वाटलं. पुढच्या वर्षी कुणी इकडे येणार असाल तर एप्रिल-मे निवडा.

एक गंमत सांगायची राहवत नाही. मी ज्या पॅरामॅटात राहते, तिथल्याच वेधशाळेतून जेम्स डनलॉप यांनी १८२६ मध्ये सेंटॉरस ए पहिल्यांदा नोंदवली. आज ती जागा मोठ्या बागेत आहे आणि मी जवळजवळ रोज संध्याकाळी तिथून चालत जाते. आणि १९४९ मध्ये जॉन बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशातल्या एका जोरदार रेडिओ स्रोताची सांगड याच दीर्घिकेशी घातली, तेही ऑस्ट्रेलियातूनच.

माझा प्रश्न : सेंटॉरस ए पण लंबवर्तुळाकार गटातली, अंतर फक्त सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. मग हा प्रयोग तिच्यावर का नाही केला? ती तर कितीतरी जवळ आहे.

---

वांगणीची_रात्र | ५ मे, सकाळी ७:३५

सुमेधाताई, रोज संध्याकाळी डनलॉपच्या जागेवरून चालता, हेवा वाटतो.

उत्तर मी देतो, चुकलं तर हस्तनक्षत्र सांगतील. एक, सेंटॉरस एने दुसरी दीर्घिका गिळलेली आहे आणि तो धुळीचा जाड पट्टा त्याचीच खूण आहे. मधला भाग झाकलेला. दोन, आणि हे महत्त्वाचं, भिंग होण्यासाठी मागे नेमक्या रेषेत दुसरी दीर्घिका हवी. आणि भिंग जितकं जवळ, तितका कड्याच्या आत मावणारा भाग लहान. डोळ्याला अगदी टेकवलेलं भिंग काही मोठं करून दाखवत नाही, तसंच थोडंसं. म्हणून जवळची भिंगं दुर्मीळ.

---

हस्तनक्षत्र | ५ मे, सकाळी १०:००

बरोबर आहे. भिंग निरीक्षक आणि स्रोत यांच्या मधे कुठेतरी असलं की त्याचा परिणाम सर्वात मोठा.

---

निवृत्त_खगोलप्रेमी | ५ मे, दुपारी ४:१८

धागा वाचताना प्रा. शशिकुमार चित्रे यांची आठवण आली. १९७९ मध्ये पहिलं गुरुत्वीय भिंग सापडलं, ०९५७+५६१ हा जुळा क्वेसार (क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र). त्याचं भिंगही एका समूहातली महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकाच आहे. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चित्रे, नरसिंह आणि सुब्रमण्यन हे अशा भिंगांची गणितं मांडत होते. तेव्हा जगात मोजकेच लोक या विषयात होते. आज तो विषय पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात जोरात चालू आहे. अनुप्रीता मोरे यांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये 'स्पेस वार्प्स' हा उपक्रम सुरू केला. सामान्य माणसांनी घरबसल्या चित्रं बघून नवी भिंगं शोधायची. मी त्यात कित्येक रात्री घालवल्या आहेत. पिवळ्या गोळ्याच्या कडेला निळी कमान दिसली की छातीत धस्स व्हायचं. बहुतेक वेळा ती साधी सर्पिल भुजा निघायची, पण सवयीने डोळा तयार होतो.

आणखी एक. २०१३ च्या स्मिथ-ल्यूसी यांच्या कामाचा उल्लेख तुम्ही फक्त ताम्रसृतीपुरता केलात. त्यातला मुख्य निष्कर्ष माझ्या मते जास्त मोलाचा आहे. २०१० मध्ये व्हॅन डोकम आणि कॉनरॉय यांनी वर्णपटावरून सांगितलं होतं की महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकांत लाल खुजे तारे आपल्या आकाशगंगेपेक्षा फार जास्त आहेत. हे तारे उजेड जवळजवळ देत नाहीत पण वजनात भर घालतात. ते खरं असेल तर उजेडाच्या मानाने दीर्घिका जड भरायला हवी. ३२५-जी००४ कड्याच्या ताजव्यात टाकली तर तितकी जड भरली नाही. तिच्यातल्या लहान-मोठ्या ताऱ्यांचं प्रमाण आपल्या आकाशगंगेसारखंच निघालं. म्हणजे या एका दीर्घिकेने पाच वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या वादांत साक्ष दिली.

---

हस्तनक्षत्र | ५ मे, रात्री ८:५५

काका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. खुज्या ताऱ्यांचा मुद्दा लेख लांबेल म्हणून मी गाळला होता आणि ते चुकलंच. वजन कळलं की आत काय भरलंय याचाही अंदाज येतो, हे त्याशिवाय पूर्ण होत नाही. चित्रे सरांचं व्याख्यान मी कॉलेजात असताना एकदा ऐकलंय. फळ्यावर एक वक्र रेषा काढून ते बराच वेळ तिच्याकडेच बघत उभे होते, एवढं आठवतं.

---

प्रश्नचिन्ह | ११ मे, दुपारी १२:२०

काल रात्री मुलीला घेऊन वेल्ह्याच्या बाजूला गेलो होतो. गावाबाहेर एका ओळखीच्यांच्या शेतात, दक्षिण मोकळी.

साडेनऊला हस्त दिसला, त्याच्यावरून चित्रा. चित्रेपासून खाली उतरत द्विनेत्रीत ओमेगा सेंटॉरी सापडायला वीस मिनिटं लागली. कापसाच्या बोळ्यासारखा. सेंटॉरस ए मला दिसली नाही, मुलीला दिसली. ती म्हणाली, ताऱ्यासारखी टोकदार नाही, पुसल्यासारखी आहे. मग मेंकेंट. तिने वांगणीकरांच्या सांगण्याप्रमाणे हात लांब करून तीन बोटं लावली, थोडी वर सरकवली आणि तशीच धरून उभी राहिली. मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, काही नाही, पण इथेच आहे ना ती?

अकराच्या पुढे पश्चिमेकडून ढग आले.

तिने वहीत मेंकेंट, सेंटॉरस ए आणि ओमेगा सेंटॉरी यांचे ठिपके काढलेत आणि मोकळ्या जागी पेन्सिलने एक छोटं कडं. आता तिचा नवा प्रश्न आहे : मागची दीर्घिका अगदी सरळ रेषेत नसती, जरा बाजूला असती, तर काय दिसलं असतं?

---

निवृत्त_खगोलप्रेमी | ११ मे, दुपारी ३:०५

तिला सांगा, जरा बाजूला असती तर कडं तुटून दोन कमानी झाल्या असत्या, एका बाजूला मोठी, समोर लहान. आणखी सरकली तर दोन वेगळे ठिपके. या कड्यातही सगळीकडे उजेड सारखा नाही, तो कमानींत वाटलेला आहे. घरी करून बघायचं असेल तर काचेच्या स्टेमवाल्या पेल्याचा तळ घ्या, वहीवर एक ठिपका काढा आणि तळ त्यावरून हळूहळू सरकवा. ठिपका, कमान, कडं आणि पुन्हा कमान, सगळं क्रमाने दिसेल.